बोलीचा पाळणा आणि घरातला पाळणा



गेल्या महिन्यात शेजारच्या गावी पंचकल्याणक होतं. जन्मकल्याणकाच्या संध्याकाळी बालतीर्थंकरांचा पाळणा फुलांनी सजवून मांडला आणि तो हलवण्याचा पहिला मान कुणाचा, यासाठी बोली सुरू झाली. अकरा हजारांवरून सुरू झालेली बोली बघता बघता लाखाच्या पुढे गेली. मंडपात जयजयकार झाला. मीही हात जोडले, डोळे भरून आले. माझ्या शेजारी सून बसली होती, मांडीवर साडेचार महिन्यांची नात झोपलेली. ती माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाली, "आई, पुढच्या महिन्यात आपल्या पाळण्याचं काय करायचं?"

पुढच्या महिन्यात तिची बाळंतपणाची रजा संपते. ती एका खासगी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये टेक्निशियन आहे. पगार १९,००० रुपये. आमच्या भागातलं बऱ्यापैकी पाळणाघर पूर्ण दिवसाचे ६,५०० रुपये घेतं. माझे दोन्ही गुडघे गेलेले. नातीला उचलून जिना चढणं मला जमत नाही, आणि ते मान्य करायला मलाच सहा महिने लागले.

आता एक कबुली देते. त्या प्रसंगाच्या दोनच दिवस आधी, रात्रीचं सगळं आवरल्यावर मी किराणा यादीच्या पाठीमागे हिशेब मांडला होता. तिचा पगार १९,०००. त्यातून पाळणाघराचे ६,५०० वजा. रिक्षाचे १,५०० वजा. वरचं दूध, डबा, आजारपण धरून आणखी २,००० वजा. उरले ९,०००. मी कागद तिच्यापुढे सरकवला आणि म्हणाले, "एवढ्यासाठी लेकरू दुसऱ्याच्या हातात द्यायचं का गं?"

ती काही बोलली नाही. तिनं माझ्या हातातली पेन्सिल घेतली, माझा हिशेब खोडला आणि वर नवीन आकडा लिहिला: ५३,०००. म्हणजे तिचे १९,००० आणि माझ्या मुलाचे ३४,०००. मग त्यातून पाळणाघर, रिक्षा, दूध सगळं वजा केलं आणि कागद माझ्याकडे परत सरकवला. उरले होते ४३,०००.

मैत्रिणींनो, त्या रात्री मला झोप आली नाही. कारण हाच चुकीचा हिशेब माझ्या सासूबाईंनी १९९६ साली माझ्यापुढे मांडला होता आणि मी तो निमूट मान्य केला होता.

तेव्हा मी एका पतसंस्थेत कारकून होते. पगार १,४०० रुपये. गल्लीतल्या एक काकू मुलं सांभाळायच्या, त्या ५०० घेत. "उरतात किती? राहू दे नोकरी," असं ठरलं. माझ्या मिस्टरांच्या पगारातून काकूंचे ५०० वजा करून बघावेत, हे घरात कुणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही. मी राजीनामा दिला तेव्हा नोकरीला चार वर्षं आणि दोन महिने झाले होते. सलग पाच वर्षं पूर्ण झाली की ग्रॅच्युइटीचा हक्क मिळतो, हे मला खूप नंतर कळलं. माझ्याबरोबर लागलेली मैत्रीण शाखाधिकारी होऊन निवृत्त झाली. तिच्या सासूनं मुलं सांभाळली होती, एवढाच आमच्यात फरक.

म्हणून आज मला भांडायचंय. पाळणाघराची फी आईच्या पगारातून वजा करणं बंद करा. बाळ आईचं आहे, बाबांचं आहे, घराचं आहे. नोकरी करणारी आई ज्या हॉस्पिटलचं, कारखान्याचं, दुकानाचं काम करते, त्यांनाही तिच्या कामाचा फायदा होतो. उद्या हेच बाळ पाठशाळेत जाईल, मोठं होऊन बोली घेईल, कर भरेल. मग त्याला सांभाळायचा सगळा खर्च एकट्या बाईच्या १९,००० रुपयांवरच का?

"तुझा पगार तर पाळणाघरातच जातो" हे वाक्य आपल्या घरांत इतकं मुरलंय की ते आपल्याला व्यवहारज्ञान वाटतं. घराचा हप्ता मुलाच्या पगारातून जातो तेव्हा कुणी म्हणतं का, "तुझा पगार तर हप्त्यातच जातो, मग कशाला जातोस कामावर?"

बरं, यासाठी मदत मागायची तर मागायची कुणाकडे? तीन दारं आहेत, आणि तिन्ही ठोठवायला आपण लाजतो.

पहिलं दार मालकाचं. २०१७ साली मातृत्व लाभ कायद्यात बदल झाला. पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा झाली, ते बहुतेकींना माहीत आहे. पण त्याच बदलात दुसरीही एक गोष्ट आली. ज्या आस्थापनेत ५० किंवा त्याहून जास्त कर्मचारी आहेत, तिथे पाळणाघराची सोय असलीच पाहिजे, आणि आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाऊ दिलं पाहिजे. इथे ५० बायका असं म्हटलेलं नाही, ५० कर्मचारी म्हटलंय. नोकरीवर घेतानाच हे सगळे लाभ बाईला लेखी कळवायचे, असंही त्या कायद्यात घातलं. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही पाळणाघराची ५० ची अट कायम राहिली. आणि कारखान्यांसाठी तर १९४८ च्या फॅक्टरी कायद्यातच होतं की ठरावीक संख्येपेक्षा जास्त बायका कामाला असतील तर सहा वर्षांखालच्या मुलांसाठी खोली हवी. म्हणजे माझी आई लहान होती तेव्हापासून हे कागदावर आहे!

माझ्या सुनेच्या हॉस्पिटलात पन्नासाहून कितीतरी जास्त माणसं कामाला आहेत. तिनं विचारलं तेव्हा उत्तर आलं, "मॅडम, आपल्याकडे तशी सोय नाही, आजवर कुणी मागितलीच नाही." यातलं दुसरं वाक्य मला जास्त लागलं. कुणी मागितलीच नाही. आपल्या मुली शिकल्या, लॅबमध्ये गेल्या, बँकेत गेल्या, पण हक्काची गोष्ट मागताना आजही त्यांना उपकार मागितल्यासारखं वाटतं. आता ती आणि तिच्या तीन सहकारी मिळून लेखी अर्ज देणार आहेत. तोंडी नाही, लेखी. पोच घेऊन. जवळच्या चांगल्या पाळणाघराशी करार करून फी हॉस्पिटलनं भरली तरी आमची काही हरकत नाही, असंही त्यांनी अर्जात लिहिलंय.

दुसरं दार सरकारचं. केंद्राच्या मिशन शक्तीमध्ये 'पाळणा' याच नावाची योजना आहे. त्यात अंगणवाडीला जोडून पाळणाघर चालवायचं, सहा महिने ते सहा वर्षांची मुलं दिवसभर सांभाळायची, खर्च केंद्रानं आणि राज्यानं ६० आणि ४० असा वाटून घ्यायचा. याच्या आधीच्या राष्ट्रीय पाळणाघर योजनेत फीचे दर मला फार आवडले होते. दारिद्र्यरेषेखालच्या घराला महिना २० रुपये, आईवडिलांचं मिळून उत्पन्न १२,००० पर्यंत असेल तर १००, त्यावर असेल तर २००. ज्याला जेवढं झेपतं तेवढं त्यानं द्यायचं, बाकीचं सगळ्यांनी मिळून उचलायचं. यात कुणाला कमीपणा वाटण्यासारखं काय आहे?

पण तुमच्या वॉर्डात असं केंद्र आहे का, हे तुम्ही कधी विचारलंत? मी नव्हतं विचारलं. अंगणवाडी म्हणजे 'त्यांच्यासाठी', आपल्यासाठी नाही, असं आपण धरून चालतो. मी या वयात पहिल्यांदा आमच्या अंगणवाडीच्या सेविकाताईंकडे गेले. त्यांनी पाणी दिलं, ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आमच्याकडे पाळणाघर नाही, पण मागणी आली तर वर कळवता येईल. तुमच्याकडून लेखी आणा." परत तेच. लेखी आणा, मागणी आणा. बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांच्या कार्यालयात वीस आयांच्या सह्यांचा अर्ज गेला तर निदान नकार तरी लेखी मिळेल.

करसवलतीचंही बघा. जुन्या करपद्धतीत मुलांच्या शाळेच्या फीवर सवलत मिळते, प्लेस्कूलची शिकवणी फीसुद्धा त्यात धरतात. पण सहा महिन्यांच्या बाळाला पाळणाघरात ठेवलं तर त्या फीला तिथे जागा नाही. म्हणजे मूल तीन वर्षांचं होईपर्यंत ते हवेवरच वाढतं, असा सरकारचाही समज दिसतोय.

आता तिसरं दार. आपलं स्वतःचं, समाजाचं. इथे मी जरा जास्त बोलणार आहे, कारण घरातल्या माणसाशीच जास्त भांडण होतं.

जैन म्हटलं की लोकांना हिऱ्यांचा व्यापारी दिसतो. आपल्या सांगली-कोल्हापूरकडचे आपण कोण आहोत, ते आपल्याला माहीत आहे. दोन एकर ऊस असलेले, यंत्रमागावर पाळी करणारे, दुकानात मुनीमकी करणारे. लग्नात एक हार आणि वर्षभर काटकसर. आपल्यातली कितीतरी घरं सुनेच्या पगाराशिवाय महिनाअखेर गाठू शकत नाहीत, पण हे दारात कुणाला दिसू देत नाहीत. अशा घरातल्या बाईला पाळणाघराचे ६,५०० म्हणजे डोंगर आहे.

आणि समाजानं लेकरांचा खर्च उचलणं आपल्याला नवीन आहे का? कोल्हापूरचं जैन बोर्डिंग कशासाठी होतं? खेड्यातल्या मुलाला शहरात राहून शिकता यावं, त्याच्या जेवणाखाण्याचा भार त्याच्या आईबापांवर पडू नये, म्हणूनच ना? आपल्या कुंभोजला जन्मलेले भाऊराव पाटील त्याच बोर्डिंगात राहिले होते. पुढे १९१९ साली त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. त्यांच्या बोर्डिंगातल्या मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रसुद्धा दिलं. त्या मुलांना आपण कधी भिकारी म्हटलं नाही, उलट तो समाजाचा अभिमान मानला. सोलापूरच्या श्राविकाश्रमात पंडिता सुमतीबाई शहांनी निराधार बायकांना शिकवून पायावर उभं केलं, त्याचंही आपण कौतुकच करतो. २०१४ साली आपल्याला अल्पसंख्याक दर्जा मिळाला, तेव्हा मुलांच्या शिष्यवृत्तीसाठी दाखले काढायला आपण रांगा लावल्याच की. मुलगा पंधरा वर्षांचा झाल्यावर मदत घेतली तर ती शिष्यवृत्ती, आणि बाळ पाच महिन्यांचं असताना घेतली तर ती भीक?

मी आमच्या मंदिराच्या दोन ट्रस्टींशी बोलले. चांगली माणसं आहेत. त्यांनी जे आक्षेप सांगितले, ते तुमच्याही मनात येतील, म्हणून एकेक घेते.

पहिला: देवाचा पैसा संसाराला लावता येत नाही. अगदी खरं. देवापुढे चढवलेलं द्रव्य आपल्या उपयोगाला आणायचं नाही, हे मला माझ्या आजीनं अक्षता निवडता निवडता शिकवलंय. मी बोलीतला एक रुपयाही मागत नाही. पाळण्याच्या बोलीला माझा विरोधही नाही, तो भाव मी स्वतः अनुभवलाय. माझं म्हणणं एवढंच की एक वेगळं खातं काढा, वेगळं पावतीपुस्तक छापा. त्यावर लिहा 'पाळणा खातं'. आहार, औषध, शास्त्र आणि अभय, अशी चार दानं आपण मुलांना पाठशाळेत पाठ करायला लावतो. ज्या आईला लेकरू कुठे ठेवू ही भीती आहे, तिची भीती काढणं अभयदानात बसत नाही का?

दुसरा: पाळणाघरात आपला आहार कसा सांभाळणार? तिथे बटाटा देतील, अंडं देतील, संध्याकाळी उशिरा भरवतील. ही काळजी मलाही आहे. पण याचं उत्तर सुनेनं नोकरी सोडणं हे नाही. आपल्या मंदिराशेजारचा हॉल सकाळी नऊपासून संध्याकाळी सहापर्यंत कुलुपात असतो, पाठशाळा तर फक्त रविवारी भरते. तिथे आपलंच पाळणाघर काढा. कंदमुळाशिवायचा ताजा वरणभात आणि दिवस मावळायच्या आत शेवटचा घास, याची हमी कोण देईल तर आपणच देऊ.

तिसरा: मुलाला काही लागलं, पडलं तर जबाबदार कोण? हा प्रश्न योग्य आहे आणि याला हात झटकून उत्तर देता येणार नाही. त्यासाठी नियम करा, मुलांची संख्या मोजकी ठेवा, शिकलेली बाई नेमा, डॉक्टरांचा नंबर भिंतीवर लावा, आयांची देखरेख समिती करा. हजार माणसांची पंगत आपण शिस्तीत उठवतो, दहा मुलं सांभाळता येणार नाहीत?

चौथा, आणि हा सगळ्यात जुना: संस्कार आईच करते, पाळणाघर काय संस्कार करणार? ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला १९४५ साली बालशिक्षणाचं काम मांडलं, मुलांच्या अंगणात जाऊन अंगणवाडी भरवली. त्या मुलांना त्यांनी जे दिलं त्याला आपण काय म्हणणार? संस्कार करायला प्रेमाचं, शांत डोक्याचं माणूस लागतं. नोकरी गेल्याच्या धुसफुशीत दिवसभर घरात कोंडलेली आई काय संस्कार करते, ते मला विचारा. मी १९९७ साली माझ्या दीड वर्षाच्या मुलाला दुधाचा पेला सांडला म्हणून मारलं होतं. तो राग दुधाचा नव्हता.

आता एक गोष्ट आपल्याच बायकांना सांगायचीय, आणि ती कडू लागेल. पाळणाघरवाल्या बाईशी फीसाठी घासाघीस करू नका. आठ-दहा लेकरांचं हगणंमुतणं, रडणं, भरवणं जी बाई दिवसभर करते, तिच्या हातात खर्च जाऊन किती पडतं, हे कधी विचारलंत? आपण तिला ६,५०० चे ५,००० करायला लावतो आणि ती दोन मुलं जास्त घेते. म्हणजे आपली काटकसर आपल्याच बाळाच्या वाट्याला येते. एका जिवाची सोय दुसऱ्या जिवाला पिळून करायची नाही, हे तर आपल्या धर्मानं सांगितलंय. आईला जेवढं देणं परवडतं आणि त्या बाईला जेवढं मिळायला हवं, यात फरक राहणारच. तो फरक घासाघीस करून बुजत नाही. तो मालकानं, सरकारनं आणि समाजानं भरायचा असतो. मी मदत म्हणते ती याला.

आणि आज्यांनो, माझ्या वयाच्या मैत्रिणींनो, तुमच्याशीही बोलते. ज्यांना जमतं, आवडतं, त्यांनी नातवंडं आनंदानं सांभाळावीत, त्यासारखं सुख नाही. पण ज्यांना झेपत नाही त्यांनी तसं स्पष्ट सांगावं. आणि सांगताना सुनेची नोकरी सोडवू नये. "मला जमत नाही" आणि "म्हणून तू घरी बस" ही दोन वेगळी वाक्यं आहेत. आपण ती एका श्वासात बोलतो.

तेव्हा या आठवड्यात एवढं करा. घरातला हिशेब पुन्हा मांडा, दोन्ही पगार वर लिहून. मुलीच्या, सुनेच्या नोकरीच्या ठिकाणी पन्नास माणसं आहेत का ते मोजा आणि लेखी अर्ज द्या. आपल्या वॉर्डातल्या अंगणवाडीत जाऊन पाळणा योजनेची चौकशी करा. पाळणाघराच्या फीची दर महिन्याला पावती घ्या, कुणाकडे भरपाई मागायची वेळ आली तर तोच पुरावा. आणि मंदिराच्या पुढच्या सभेत मागच्या रांगेत गप्प बसू नका. तिथे किती जणींची लेकरं सहा वर्षांच्या आतली आहेत, एवढं जरी उभं राहून विचारलंत तरी हात वर झालेले ट्रस्टींना दिसतील.

आमच्या घरात ठरलंय. सून एक तारखेला कामावर रुजू होणार. पाळणाघराचे पैसे माझ्या मुलाच्या खात्यातून जाणार. हे त्यानं स्वतःहून सांगितलं, मी सांगायच्या आधी. हॉस्पिटलचं उत्तर यायचंय, ट्रस्टींची सभाही व्हायचीय.

मी माझ्याकडून ५,००१ रुपये एका पाकिटात घालून कपाटात ठेवलेत. पाकिटावर 'पाळणा खातं' लिहिलंय. आता पावती फाडणारा ट्रस्टी तेवढा सापडायचाय. तुमच्यापैकी कुणाच्या गावात सापडला तर मला नक्की कळवा.

जय जिनेंद्र.